सभेची सूचना वाचतो कोण?

पोळा झाला, गणपतीचे दिवस जवळ आले, की पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात वृत्तपत्रांची आतली पाने एका ठरावीक मजकुराने भरू लागतात. साखर कारखाने, पतसंस्था, सेवा सोसायट्या, दूध संस्था, नोकरदारांच्या पतपेढ्या या सर्वांच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचना एकाच सुमारास प्रसिद्ध होतात. त्याचे कारण सरळ आहे. सहकारी संस्थांचे आर्थिक वर्ष 31 मार्च रोजी संपते, आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, सभा भरवणे कायद्याने आवश्यक असते. त्यामुळे भाद्रपद हा जसा गणपतीचा तसाच सभांचाही महिना झाला आहे.

नेवासे तालुक्यातील सोनईचेच उदाहरण घ्यावे. मुळा सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. येथे महाविद्यालय आहे, बाजारपेठ आहे, आणि शनिशिंगणापूरची वाट येथून जवळची आहे. अशा गावातील मध्यम शेतकऱ्याच्या घरात डोकावले तर एकच माणूस कारखान्याचा भागधारक, सेवा सोसायटीचा कर्जदार सभासद, दूध संस्थेचा उत्पादक आणि पतसंस्थेचा ठेवीदार असलेला आढळतो. घरात कोणी शिक्षक वा कारकून असल्यास पगारदारांच्या पतपेढीची त्यात भर पडते. आणि मतदार यादीत नाव असल्यामुळे ग्रामसभेचा तर तो आपोआपच सभासद असतो. वर्षाकाठी पाच-सहा सभांत बोलण्याचा हक्क असलेला नागरिक जगाच्या पाठीवर फार ठिकाणी सापडणार नाही. मात्र या पाच-सहा सभांच्या सूचना त्याच्या घरी येतात, त्या कपाटावर ठेवल्या जातात, आणि पुढे त्यांच्यात वाणसामान बांधले जाते.

या सूचनेचा साचा ठरलेला असतो. वर स्थळ, तारीख, वेळ. मग विषयपत्रिका: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, अहवाल व ताळेबंद स्वीकारणे, नफ्याची वाटणी, अंदाजपत्रकाहून जास्त झालेल्या खर्चास मान्यता, लेखापरीक्षकाची नेमणूक, आणि शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. इथवर वाचक येतो. त्याखाली एक आडवी रेघ असते आणि रेघेखाली बारीक अक्षरांत तीन-चार वाक्ये असतात. ज्यांना हिशेबाविषयी प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनी ते सभेपूर्वी आठ दिवस लेखी पाठवावेत. अहवालाची प्रत सोबत आणावी. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. सभेचे खरे शास्त्र या रेघेखाली असते, आणि नजर नेमकी त्या रेघेपर्यंत येऊन थांबते.

पुढे काय घडते हे सर्वांनी पाहिले आहे. मंडपात हजार-दीड हजार माणसे आहेत. इतिवृत्ताचा विषय निघतो. पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा घोष उठतो. ताळेबंद निघतो. पुन्हा तोच घोष. मग मागच्या बाजूला एक सभासद उभा राहतो. त्याची तक्रार खरी असते. वजनकाट्याविषयी असेल, उशिरा मिळालेल्या पैशांविषयी असेल, वाहतुकीच्या कपातीविषयी असेल. तो तळमळीने बोलतो, पण भलत्या विषयाच्या वेळी बोलतो, आणि आधी लेखी काही दिलेले नसते. अध्यक्ष एवढेच म्हणतात, ‘हा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही.’ तो आवाज चढवतो. त्याच्या बाजूचे चार उभे राहतात, समोरचे चाळीस उभे राहतात, ध्वनिक्षेपक खरखरतो आणि राष्ट्रगीत सुरू होते. संध्याकाळी चहाच्या दुकानात सभा गुंडाळल्याची चर्चा होते. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ती सभा एक तर ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ पार पडलेली असते, नाही तर ‘गोंधळात’. मराठी वृत्तपत्रांना सभेचे तिसरे वातावरण अद्याप ठाऊक नाही. कोणा एका संस्थेचे हे चित्र नव्हे. कोल्हापूरपासून जळगावपर्यंत ते सारखेच आहे.

यात अन्याय कोणाचा? सभा गुंडाळणाऱ्यांचा तर खराच. परंतु त्यांच्या हाती ते साधन दिले कोणी, हाही प्रश्न विचारावयास हवा. ज्या सभासदाचा प्रश्न आठ दिवस आधी लेखी पोहोचलेला असतो आणि ज्याच्या खिशात त्याची पोच असते, त्याला ‘विषयपत्रिकेवर नाही’ असे सांगणे अध्यक्षाला अवघड जाते. ते उत्तर इतिवृत्तात लिहावे लागते. पुढे तक्रार निबंधकाकडे गेली तर तोच कागद पुरावा ठरतो. उभे राहून ओरडलेल्या प्रश्नाचे इतिवृत्तात एक ओळदेखील राहत नाही. म्हणून रेघेखालच्या त्या सूचनेकडे सभासदाला दिलेला धाक म्हणून पाहणे ही चूक आहे. ती त्याच्या हातात दिलेली किल्ली आहे; मात्र किल्ली आधी उचलावी लागते.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. बहुतेक उपविधींप्रमाणे सभेची सूचना 14 दिवस आधी निघते. प्रश्न आठ दिवस आधी पोहोचावा लागतो. म्हणजे हातात राहिले सहा दिवस. सूचना टपालाने येण्यास दोन-तीन दिवस लागले, तर उरले तीन किंवा चार. या अवधीत शंभर पानांचा अहवाल मिळवायचा, ताळेबंद समजून घ्यायचा, प्रश्न लिहायचा आणि तो पोहोचवून पोच घ्यायची. ज्याने सूचना आली त्याच दिवशी वाचली त्याला हे कसेबसे जमते. ज्याने ती ‘सभेच्या आदल्या दिवशी पाहू’ म्हणून ठेवली, त्याचा हक्क सभा भरण्यापूर्वीच संपलेला असतो. सहा दिवसांचा हा अवधी फारच तोकडा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तो वाढावा ही मागणी रास्त आहे. परंतु ती मागणी करण्यासाठीसुद्धा आधी तो अवधी किती आहे हे वाचलेले असावे लागते.

गणपूर्तीचे वाक्य तर याहून अधिक महत्त्वाचे. सभा तहकूब होते, अर्धा तास जातो, आणि त्याच मंडपात उपस्थित असतील तेवढ्या लोकांनिशी ती कायदेशीररीत्या पुन्हा भरते. घरी राहून आपण असहकार केला असे समजणाऱ्या सभासदावरही त्या सभेचा ठराव तितकाच बंधनकारक असतो. ग्रामसभेचीही गोष्ट निराळी नाही. 73 व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे 24 एप्रिल 1993 पासून, ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. महाराष्ट्रात तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गावात आठ हजार मतदार असले तर शंभर माणसे पुरतात; म्हणजे शेकडा सव्वा. तेवढीही न जमल्यास सभा तहकूब, आणि तहकुबीनंतरच्या सभेला गणपूर्तीची गरजच नाही. सात दिवस आधी चावडीवर लागलेली सूचना ज्यांनी वाचली तेच गावाच्या वतीने निर्णय घेतात. बाकीचे गाव नंतर पारावर त्यावर टीका करते.

वाचण्याचा कंटाळा हे याचे कारण म्हणावे, तर तेही खरे नाही. सोनईच्या परिसरात मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी फिरते. पाण्याच्या हंगामाचे जाहीर प्रकटन निघाले, की शेतकरी ते शब्दन् शब्द वाचतो. सात नंबरचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, थकबाकी भरल्याविना पाणी मिळेल की नाही, कोणत्या पिकाला मंजुरी आहे, हे त्याला तोंडपाठ असते. अर्ज चुकला तर पाणी चुकते, आणि पाणी चुकले तर पीक जाते, हा अनुभव त्याच्या हाडीमाशी खिळलेला आहे. सभेची सूचना चुकल्याने काय जाते, याचा हिशेब मात्र कोणी मांडून दाखवलेला नाही. तो शेतात उभा राहत नाही. उसाच्या पट्टीत एखाद्या कपातीच्या रूपाने हळूच येतो.

कालव्याच्या पाण्याची शेजपाळी ही या संदर्भात विचार करण्याजोगी व्यवस्था आहे. पाणी सर्वांचे, म्हणून ते पाळीने घ्यायचे, आणि पाळी कोणाची हे आधी जाहीर करायचे. शेजपाळीची रीत अशी की कालव्याच्या शेवटच्या टोकाकडून पाणी देत वर यावे. अन्यथा वरचा शेतकरी भिजवून मोकळा होतो आणि टोकाचा कोरडा राहतो. सभेतील वेळ हेही असेच सामाईक पाणी आहे. पाचशे माणसे बसलेली असताना एकाने विषय सोडून दहा मिनिटे घेतली, तर खर्च दहा मिनिटांचा होत नाही. पाच हजार मिनिटांचा होतो, म्हणजे त्र्याऐंशी तासांहून अधिक. आठ तासांची एक रोजंदारी धरली तर ही दहा दिवसांची मजुरी झाली. आणि ती नेहमी वरच्या टोकाचे लोक खर्च करतात. मोठा आवाज, पुढची खुर्ची, ओळखीचे आडनाव. टोकाला बसलेल्या स्त्रिया, अल्पभूधारक, नवखे विद्यार्थी यांची पाळी येईपर्यंत कालवा बंद झालेला असतो. ग्रामसभेपूर्वी स्वतंत्र महिला सभा घेण्याची तरतूद कायद्याला करावी लागली, ती याच अनुभवातून.

सामाईक मालमत्तेचा विनाश अटळ असतो, असे गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली गायरानाचे उदाहरण देऊन मांडले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी देशोदेशींचे पाणी, जंगल आणि कुरणे यांचा अभ्यास करून 1990 च्या ग्रंथात त्याला उत्तर दिले. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नियम बनवण्यात वापरणाऱ्यांचा सहभाग असेल, नियम सर्वांना ठाऊक असतील आणि ते मोडणाऱ्याला पहिल्या खेपेस सौम्य समज व पुढे वाढती शिक्षा असेल, तर सामाईक वस्तू पिढ्यान् पिढ्या टिकतात, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पहिल्या खेपेस समज, हे महत्त्वाचे. समज ही शिक्षा नसते. ती शिक्षा टाळण्याची संधी असते. आपल्याकडे समज कोणी ऐकत नाही आणि शिक्षा एकदम होते. ती म्हणजे सगळी सभाच संपवणे.

वाचून बोलणारी सभा कशी असते हे पाहावयास फार दूर जाण्याची गरज नाही. याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली 1990 नंतर जे काही केले, त्यात झाडे आणि बंधारे यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तेथील पाण्याचा ताळेबंद. गावात किती पाऊस पडला, किती पाणी मुरले, पिण्याला व जनावरांना किती राखून ठेवायचे, याची आकडेवारी ग्रामसभेपुढे येते आणि मग कोणती पिके घ्यायची याची चर्चा होते. पाऊस कमी असेल तर जास्त पाणी खाणाऱ्या पिकांना आवर घालण्याचा निर्णय होतो. शेतीसाठी विंधन विहिरी न खोदण्याचे बंधनही गावाने स्वतःवर घातले. तेथे मतभेद झाले नसतील असे नव्हे. परंतु समोर आकडा असला की मतभेदाला तळ सापडतो. ‘मला वाटते’ या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये तेथे कमी होतात.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. कारण सूचना आणि नियम यांचा लगाम नेहमीच भल्या हातांत असतो असे नाही. अनेक ठिकाणी सूचनेवरची तारीख एक आणि टपालाच्या शिक्क्यावरची दुसरी असते. अहवालाची प्रत ‘संपली’ असे उत्तर मिळते. ‘आयत्या वेळचे विषय’ हे दार अध्यक्षांच्या बाजूने उघडते आणि सभासदांच्या बाजूने बंद राहते: जमीन विकण्यासारखा मोठा विषय आयत्या वेळी येऊ शकतो, पण सभासदाचा लहानसा प्रश्न येऊ शकत नाही. करोनाच्या काळात, 2020 आणि 2021 साली, शासनाच्या परवानगीने सभा दूरदृश्य पद्धतीने झाल्या. त्या वेळी कोणाचा आवाज चालू ठेवायचा आणि कोणाचा बंद, हे एका बटणावर आले. ती सोय साथीपुरती आवश्यक होती. पण विरोधकाला गप्प बसवण्यासाठी गोंधळ करण्याचीदेखील गरज उरत नाही, हा धडा काहींनी त्यातून घेतला असेल तर नवल नाही.

मग नियम कोणता योग्य आणि कोणता केवळ मुस्कटदाबीचा, हे ओळखायचे कसे? नियम आधी सांगितलेला होता की प्रश्न अडचणीचा निघाल्यावर आठवला, हे पाहावे. तो अध्यक्षांच्या स्नेह्यालाही लागतो का, हे पाहावे. आणि तो मोडल्यास दाद कोठे मागायची हे लिहिलेले आहे का, तेही पाहावे. जुलै 2022 मध्ये लोकसभा सचिवालयाने असंसदीय शब्दांची पुस्तिका काढली तेव्हा मोठे वादळ उठले. कोणत्याही शब्दावर बंदी नसून संदर्भ पाहूनच शब्द कामकाजातून काढले जातात, असा खुलासा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी केला. यादी घरोघर चर्चिली गेली. खुलासा फारच थोड्यांनी वाचला. त्या वादात विरोधकांची शंका निराधार होती असे मुळीच नाही. संदर्भ पाहणारा माणूस कोण, हाच तर प्रश्न असतो. शेजारच्या शेवगावचे बाळासाहेब भारदे 1962 ते 1972 या काळात महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. पुस्तकातला नियम एकच असतो. त्या आसनावर कोण बसतो त्याप्रमाणे त्याचा अर्थ उदार किंवा कृपण होतो.

काकासाहेब गाडगीळ यांनी ‘सभाशास्त्र’ या नावाचे पुस्तकच मराठीत लिहिले. त्याच आडनावाचे दुसरे विद्वान, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, हे प्रवरेच्या काठी उभ्या राहिलेल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष. एकाने सभा कशी चालवावी हे सांगितले, दुसऱ्याने शेतकऱ्यांची संस्था चालवून दाखवली. आज सहकारावर बोलणारे पुष्कळ आहेत. सभाशास्त्र मात्र शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात फारसे नाही. विद्यार्थ्याला वक्तृत्व स्पर्धेत सात मिनिटे बोलायला शिकवतात, पण हरकतीचा मुद्दा कसा उपस्थित करावा, उपसूचना कशी मांडावी, इतिवृत्तातील चूक कशी दुरुस्त करून घ्यावी, हे कोणी शिकवत नाही. आणि शिकवणार तरी कोण? शिक्षकांच्याच पतसंस्थांच्या आणि बँकांच्या सभांत खुर्च्या उचलल्या गेल्याची वार्ता दर वर्षी कोठून ना कोठून येते. ज्यांनी आयुष्यभर मुलांना ‘आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ असे बजावले, त्यांच्या सभेत तोच उपदेश दारातच थांबतो. अशिक्षित शेतकऱ्याला नावे ठेवण्याची सवय असलेल्या सुशिक्षित वर्गाने या एका बाबतीत जरा जपूनच बोललेले बरे.

सोनई ज्या तालुक्यात आहे त्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांपाशी फक्त अवधान मागतात. मागून लगेच आपल्या सलगीबद्दल संकोचही दाखवतात. वक्त्याने असे विनवावे आणि श्रोत्याने चित्त द्यावे, ही रीत जेथे सातशे वर्षांहून अधिक काळ कीर्तनात पाळली जाते, तेथे सभामंडपात ती पाळणे अशक्य म्हणता येणार नाही. कीर्तनात कोणी मध्येच उठून बोलत नाही, कारण तेथील शिस्त पाठीवर कोणी छडी घेऊन शिकवलेली नसते. ती लहानपणापासून पाहून अंगी आलेली असते.

2013 साली सहकार कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहण्याची अट सभासदावर आली. पुढे या विषयात उलटसुलट फेरबदल झाले. हजेरीची सक्ती करता येते. वाचनाची करता येत नाही. तथापि वाचन सोपे करता येते. प्रश्न पाठवण्याची शेवटची तारीख रेघेखाली न छापता सभेच्या तारखेच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत छापावी. सूचना 14 ऐवजी 21 दिवस आधी काढण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. आलेल्या लेखी प्रश्नांची यादी सभेच्या दारात लावावी, म्हणजे कोणता प्रश्न दडपला गेला हे गावाला दिसेल. कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सभासदाला ताळेबंद, उपविधी आणि सभांची इतिवृत्ते कार्यालयीन वेळेत पाहता येतात. हा हक्क किती कार्यालयांच्या भिंतीवर लिहिलेला आहे, ते कारकूनवर्गाने एकदा वर मान करून पाहावे. आणि सभेच्या आरंभी दीपप्रज्वलन, सत्कार व शाली यांत जो पाऊण तास जातो, त्यातील पाच मिनिटे ती रेघेखालची वाक्ये मोठ्याने वाचून दाखवण्यास द्यावीत. मंडपातल्या निम्म्या लोकांनी ती त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलेली असतील.